मॉनिटर कॅलिब्रेट केला, तरी रंगाची झाक जात नाही? आधी चोर कुठे आहे ते शोधा



या विषयावर व्हिडिओ करायचा मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा डिलीट केला. कारण साधं आहे. माझ्या मॉनिटरला आलेली निळी झाक मी कॅमेऱ्यात पकडायला गेलो, तर कॅमेऱ्याने स्वतःच्या व्हाइट बॅलन्सने ती धुऊन टाकली. आणि जी काही उरली, ती तुम्ही तुमच्या मोबाइलवर बघणार, त्या मोबाइलच्या स्क्रीनला स्वतःची वेगळीच झाक. म्हणजे मी दाखवणार एक, तुम्हाला दिसणार दुसरंच. म्हणून हा एक विषय लिहूनच सांगतोय. ज्यांना फोटो स्टुडिओ, अल्बम डिझाइन, मग-टीशर्ट प्रिंटिंग किंवा ऑनलाइन विक्रीसाठी प्रॉडक्ट फोटोचं काम सुरू करायचंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. यात तुमचे पैसे अडकलेले आहेत.

माझे कसे अडकले ते आधी सांगतो.

विठ्ठलवाडी स्टेशनपासून पाच मिनिटांवर माझं दुकान. सुरुवातीला पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, फ्रेम. मग हिंमत करून लग्नाच्या अल्बमची कामं घ्यायला लागलो. पहिल्याच सीझनला कल्याण पूर्वेच्या एका घरचं लग्न मिळालं, चाळीस पानी अल्बम. रात्री जागून प्रत्येक फोटो मी स्वतः करेक्ट केला. मॉनिटरवर असा काही सुंदर दिसत होता की लॅबला फाइल पाठवताना मीच माझ्यावर खूश. अल्बम छापून आला, मुलीची आई घ्यायला आली. तिने चार पानं उलटली आणि मला म्हणाली, "दादा, आमच्या पोरीला कावीळ झालीय का?"

हळदीचे फोटो पिवळे दिसले तर कोण तक्रार करणार? पण रिसेप्शनच्या स्टेजवरसुद्धा नवरा-नवरी, करवल्या, भटजी, सगळ्यांना हळद लागलेली. पांढरा कुर्ता साजूक तुपाच्या रंगाचा. अल्बम स्वतःच्या खर्चाने परत छापला, नऊ हजार गेले. बीबीएला मला फिक्स्ड कॉस्ट शिकवली, व्हेरिएबल कॉस्ट शिकवली. केलेलं काम परत करण्याची कॉस्ट मात्र त्या मावशींनी शिकवली.

आता यातली गंमत समजून घ्या, कारण नवीन माणूस इथेच चुकतो. अल्बम पिवळा आला म्हणजे माझा मॉनिटर पिवळा होता का? नाही. मॉनिटर निळा होता. निळ्या मॉनिटरवर मला प्रत्येक चेहरा थंड, निर्जीव दिसायचा, म्हणून मी प्रत्येक फोटोत पिवळा आणि लाल वाढवत गेलो. मॉनिटरवर तो बरोबर दिसेपर्यंत फाइलमध्ये हळद भरली गेली होती. लॅबने ती जशीच्या तशी छापली. मॉनिटरची झाक आणि प्रिंटची झाक नेहमी एकमेकांच्या उलट असते, हे डोक्यात पक्कं करा. प्रिंट हिरवट येतेय तर मॉनिटर गुलाबी असल्याचा संशय घ्या. प्रिंट गुलाबी येतेय तर मॉनिटर हिरवट असेल.

आणि मॉनिटर निळे का येतात? आपल्या आया पांढऱ्या कपड्यांना नीळ का देतात, त्याच कारणाने. किंचित निळसर पांढरा आपल्याला जास्त शुभ्र वाटतो. शोरूममध्ये दहा मॉनिटर शेजारी लावले की निळसर असलेलाच जास्त चमकदार वाटतो, गिऱ्हाईक तोच उचलतं. फोटोच्या कामाला मात्र पांढरा म्हणजे ६५०० केल्विनच्या आसपासचा पांढरा धरतात, त्याला डी६५ म्हणतात. इंटरनेट, मोबाइल आणि बहुतेक लॅब ज्या एसआरजीबी पद्धतीवर चालतात, ती एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडली, १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली, आणि तिचा पांढरा हाच डी६५. म्हणजे नियम कधीचा ठरलाय, आपला मॉनिटर तो पाळत नाही एवढंच.

वाण्याच्या दुकानातला काटा आठवा. वैध मापन शास्त्र विभागाचा माणूस येतो, वजन ठेवून काटा तपासतो, शिक्का मारतो. तुमच्या मॉनिटरवर शिक्का मारायला कोणी येणार नाही. तो काटा तुम्हालाच तपासायचाय, आणि त्याचं यंत्र म्हणजे कलरिमीटर. स्क्रीनवर टेकवायचा छोटा सेन्सर. बाजारात कॅलिब्राइट आणि डेटाकलरचा स्पायडर ही दोन नावं जास्त ऐकाल. नऊ हजारांचा फटका बसल्यावर मी सीएसएमटीला उतरून फोर्टातल्या बोरा बाजारात, म्हणजे फोटोग्राफीच्या सामानाच्या बाजारात, चौकशी केली आणि शेवटी एक घेतला. किंमत माझे दोन अल्बम परत छापण्याएवढी. मित्राकडे असेल तर एका दिवसासाठी मागून आणा, सुरुवातीला तेवढंही चालतं.

यंत्र दोन कामं करतं. पहिलं कॅलिब्रेशन: मॉनिटरचा पांढरा, ब्राइटनेस आणि राखाडी छटा जागेवर आणायच्या. दुसरं प्रोफाइल: तरीही जो फरक उरला त्याची नोंद असलेली एक फाइल बनवायची, जी फोटोशॉपसारखी सॉफ्टवेअर वाचतात. ही दोन कामं वेगळी आहेत हे लक्षात ठेवा, पुढे चोर पकडताना कामाला येईल.

तर मी दुकान बंद करून रात्री साडेनऊला, शटर अर्धं ओढून, निवांत कॅलिब्रेशन केलं. पांढरा एकदम मस्त. सकाळी दहाला मॉनिटर सुरू केला तर परत निळा! मला वाटलं थंड असेल, तापू दे. दुपारपर्यंत निळाच. संध्याकाळी मात्र आपोआप बरोबर. तीन दिवस हा खेळ चालला. मी रोज सकाळी मॉनिटरच्या बटणांनी निळा कमी करायचो आणि रात्री परत वाढवायचो. यंत्र बिघडलंय असंही ठरवून टाकलं होतं.

चोर कोण निघाला माहितीये? विंडोजचं नाइट लाइट. डोळ्यांना त्रास नको म्हणून सूर्यास्तानंतर स्क्रीन नारिंगी करणारी सोय. ती कधीतरी मीच चालू करून विसरलो होतो. रात्री सेन्सरने नारिंगी पडदा मोजला आणि तो ६५०० वर आणायला माझ्याकडून लाल कमी करून घेतला. सकाळी नाइट लाइट बंद झालं, कमी केलेला लाल तसाच राहिला, म्हणून स्क्रीन निळी. यंत्राने त्याचं काम चोख केलं होतं, चुकीची स्क्रीन मी त्याच्यापुढे धरली होती. म्हणून कॅलिब्रेशनच्या आधी नाइट लाइट, मॉनिटरचा आय-केअर मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ऑटो ब्राइटनेस, एचडीआर, अ‍ॅपलवाल्यांनी ट्रू टोन, हे सगळं बंद. आणि मॉनिटर किमान अर्धा तास चालू असू दे.

आता मूळ मुद्दा. झाक दिसली की लगेच बटणं फिरवायची नाहीत. आधी ती कुठे राहते ते शोधायचं. मॉनिटरमध्ये, कॉम्प्युटरमध्ये, फाइलमध्ये, की तुमच्या खोलीत आणि डोळ्यांत. या चारपैकी एका ठिकाणी चोर असतो, कधीकधी दोन ठिकाणी. मी शिकवताना या तीन चाचण्या करायला लावतो, एक पैसा लागत नाही.

पहिली. मॉनिटरच्या बटणाने त्याचा स्वतःचा मेन्यू उघडा. ती चौकट मॉनिटर स्वतः काढतो, कॉम्प्युटरचा तिच्याशी संबंध नाही. त्या मेन्यूतला पांढरा किंवा राखाडी स्वच्छ आहे आणि मागचा पांढरा पडदा रंगीत आहे, तर गडबड कॉम्प्युटरकडून येतेय: नाइट लाइट, ग्राफिक्स कार्डची सेटिंग, चुकीचं कॅलिब्रेशन. मेन्यूलासुद्धा तीच झाक आहे, तर मॉनिटरची रंगाची सेटिंग बघा. तिथे 'वॉर्म', 'कूल' सोडून 'यूजर' निवडा आणि लाल, हिरवा, निळा हाताने जुळवा. यात एक युक्ती: पांढरा निळा दिसतोय तर निळा कमी करा, लाल वाढवू नका. वाढवायला गेलात तर उजेडातले बारकावे मरतात, पांढऱ्या साडीवरची पांढरी बुट्टी दिसेनाशी होते.

दुसरी. फोटोशॉपमध्ये नवी फाइल घ्या, लाल, हिरवा, निळा तिन्ही १२८ ठेवून रंग भरा. हा राखाडी आहे, यात वाद नाही. आता तो तुम्हाला गुलाबी दिसला तर आयड्रॉपर लावून आकडे बघा. तिन्ही सारखे आहेत ना? मग फाइल निर्दोष, दोष स्क्रीनचा किंवा डोळ्याचा. गिऱ्हाइकाचा फोटो आला की हीच युक्ती उलटी वापरा. फोटोतल्या पांढऱ्या शर्टावर, राखाडी भिंतीवर आयड्रॉपर लावा. आकडे २२०, २१०, १८० असे आले तर पिवळेपणा फाइलमध्येच आहे, हॉलच्या पिवळ्या दिव्यांचा आहे, आणि तो तुम्ही खुशाल काढा. डोळ्यापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवायची सवय लागली की निम्मी लढाई संपली.

तिसरी. तीच राखाडी फाइल एकदा फोटोशॉपमध्ये आणि एकदा पेंटसारख्या साध्या प्रोग्राममध्ये बघा. साध्यात स्वच्छ आणि फोटोशॉपमध्येच रंगीत, तर चोर म्हणजे प्रोफाइल, कारण ते फोटोशॉप वाचतं, पेंटला त्याच्याशी घेणंदेणं नाही. खात्री करायची तर फोटोशॉपच्या व्ह्यू मेन्यूत प्रूफ सेटअप, तिथे मॉनिटर आरजीबी निवडा. झाक गेली? मग प्रोफाइलच खराब.

या तिसऱ्या चाचणीने एका शिकायला आलेल्या मुलाचा महिन्याभराचा ताप गेला. त्याच्याकडे प्रत्येक फोटोचा पांढरा भाग पिवळट दिसायचा, पण फक्त विंडोजच्या जुन्या फोटो व्ह्यूअरमध्ये आणि फोटोशॉपमध्ये. ब्राउझरच्या पांढऱ्या पानाला काही नाही. त्याने मॉनिटर बदलायचं ठरवलं होतं, लॅमिंग्टन रोडला जाऊन भावसुद्धा काढून आला होता. विंडोज अपडेट कधीकधी मॉनिटर कंपनीचं तयार प्रोफाइल गुपचूप बसवतं, आणि ते सदोष असलं की हाच प्रकार होतो. कंट्रोल पॅनलमधल्या कलर मॅनेजमेंटमध्ये जाऊन ते प्रोफाइल काढलं, जागी एसआरजीबी डिफॉल्ट ठेवलं, दोन मिनिटांचं काम. नवा मॉनिटर वाचला. (भाव काढायला गेलेला दिवस आणि दादरला गाडी बदलतानाची गर्दी मात्र वाया.)

कधीकधी कॅलिब्रेशनची दोन सॉफ्टवेअर एकाच मशीनवर बसवलेली असतात. कॉम्प्युटर सुरू होताना दोघंही आपापली सेटिंग लोड करतात, जो शेवटी येतो त्याचं राज्य. स्क्रीन सुरू होताना रंग दोनदा बदलताना दिसला की हेच समजा. एक ठेवा, दुसरं काढा.

सगळं बंद केलं, यंत्र नवं, तरी कॅलिब्रेशननंतर सगळा पडदाच हिरवट किंवा गुलाबी? मग सॉफ्टवेअरने सुरुवातीला विचारलेला प्रश्न आठवा, मॉनिटरची बॅकलाइट कुठली? आपण घाईत नेक्स्ट, नेक्स्ट करतो. साधी पांढरी एलईडी, वाइड गॅमट एलईडी, जुनी ट्यूबवाली, ओएलईडी, प्रत्येकाचा प्रकाश वेगळा बनतो. सेन्सरला तीन-चार रंगीत काचांतूनच बघता येतं, त्यामुळे समोर कुठला प्रकाश आहे हे सांगितलं नाही तर त्याचं गणित चुकतं. सेकंडहँड वाइड गॅमट मॉनिटर घेणाऱ्यांना हे हमखास भोवतं. मॉडेल नंबर टाकून पॅनेल कुठलं ते शोधा, योग्य पर्याय निवडून परत मोजा. डिस्प्लेकॅल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात हे पर्याय जास्त बारकाईने मिळतात. आणि सेन्सर काचेला नीट टेकलाय ना, ते बघा. मॉनिटर थोडा मागे कलवा म्हणजे सेन्सर सपाट बसतो. फटीतून दुकानातली ट्यूब शिरली की गडद छटा चुकतात.

गडद छटांवरून आठवलं. पांढरा स्वच्छ, मधला राखाडी स्वच्छ, पण काळ्याजवळ हिरवी किंवा लाल झाक, असंही होतं. स्वस्त पॅनेलमध्ये अगदी अंधारात सेन्सरला पुरेसा प्रकाशच मिळत नाही, तो अंदाज बांधतो. कॅलिब्रेशनचा वेग 'स्लो' ठेवून बघा. तरी राहिली तर सोडून द्या. नवरदेवाच्या काळ्या सुटात थोडा हिरवेपणा दिसला तर आकडे बघून काम करा. स्क्रीनच्या एकाच कोपऱ्यात झाक असेल तर तो पॅनेलचा दोष, कुठलंही सॉफ्टवेअर तो काढत नाही, काम मधोमध करा. आणि मान थोडी हलवली की रंग बदलत असेल तर ते स्वस्त टीएन पॅनेल आहे. बरेच जुने लॅपटॉप असेच. त्यावर बिलं बनवा, अल्बम नको.

आता माझी दुसरी फजिती. नाइट लाइटचं प्रकरण मिटलं, आठवडाभर सगळं ठीक, आणि मला स्क्रीन गुलाबी वाटायला लागली. मेन्यू बघितला, तोही गुलाबी. आकडे बघितले, बरोबर. सेन्सरने परत मोजलं, तो म्हणतोय पांढरा पांढराच आहे. मग माझं लक्ष भिंतीकडे गेलं. दुकानाला आईच्या पसंतीने पिस्ता रंग दिला होता, आणि नेमका त्याच आठवड्यात वर नवा जोरदार एलईडी बसवला होता. सगळ्या दुकानात हिरवट उजेड. आपले डोळे आजूबाजूच्या उजेडाला "हाच पांढरा" असं धरून चालतात. हिरव्यात बसलेल्या डोळ्याला खरा राखाडी गुलाबीच दिसणार.

२०१५ मध्ये त्या एका ड्रेसच्या फोटोवरून जगभर भांडणं झाली होती, आठवतंय? कोणाला निळा-काळा दिसायचा, कोणाला पांढरा-सोनेरी. ड्रेस खरा निळा-काळाच होता. फोटो एकच, पण प्रत्येकाच्या मेंदूने उजेडाचा अंदाज वेगळा धरला. तुमचा मेंदू दुकानात बसून दिवसभर हेच करतो.

त्यामुळे पहिल्यांदा कॅलिब्रेशन केल्यावर स्क्रीन पिवळी, मळकट वाटेल. वाटणारच, वर्षानुवर्षं तुम्ही नीळ घातलेला पांढरा बघत होतात. दोन-तीन दिवस हात लावू नका. याच टप्प्यावर लोक घाबरून जुन्या सेटिंगवर परत जातात आणि यंत्राचे पैसे पाण्यात घालतात. तिसऱ्या दिवशी जुनी सेटिंग लावून बघा, तुम्हालाच ती ट्यूबलाइटसारखी निळी वाटेल.

खोलीसाठी फार खर्च नाही. मॉनिटरवर थेट उजेड पडू देऊ नका. समोरच्या दुकानाच्या लाल-हिरव्या बोर्डाचा उजेड आत येत असेल तर करड्या कापडाचा पडदा लावा. एडिटिंगला बसताना भडक रंगाचा शर्ट घालू नका, तो काचेत दिसतो. हसू नका, खरंच दिसतो. प्रिंट तपासायला पिवळा बल्ब नको, ५००० केल्विनच्या आसपासचा, सीआरआय ९०च्या वरचा दिवा ठेवा. ब्राइटनेस पण उतरवा. नवा मॉनिटर डब्यातून काढल्यावर गरजेपेक्षा खूप जास्त उजळ असतो. फोटोच्या कामाला ८० ते १२० नीट्‌स पुरतात, नाहीतर "प्रिंट काळी आली" ही दुसरी तक्रार येईल.

हे सगळं फक्त लग्नवाल्यांसाठी आहे असं समजू नका. आमच्या बाजूला उल्हासनगर कॅम्प ५, जीन्सचा मोठा धंदा. तिथले छोटे विक्रेते ऑनलाइन विक्रीसाठी फोटो करून घ्यायला येतात. इंडिगो, मिड ब्लू, आइस ब्लू, ग्रे वॉश; यात दोन छटांमधलं अंतर किती बारीक असतं ते त्यांना विचारा. फोटोत ग्रे वॉश निळा दिसला की गिऱ्हाईक निळा समजून मागवतं, हातात राखाडी पडतो, पार्सल परत. जाण्या-येण्याचा भुर्दंड विक्रेत्यावर, आणि पुढच्या वेळी तो माझ्याकडे येत नाही. आता मी प्रत्येक शूटच्या पहिल्या फोटोत कपड्याशेजारी ग्रे कार्ड ठेवतो, एडिट करताना त्यावर आयड्रॉपर लावतो, आणि शेवटी खरी जीन्स मॉनिटरशेजारी धरून बघतो. गिऱ्हाइकाचा मोबाइल कसा दाखवेल ते माझ्या हातात नाही, हे विक्रेत्याला आधीच सांगतो. पण माझ्याकडून गेलेली फाइल बरोबर आहे, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. अल्बमलासुद्धा आता आधी लॅबकडून दोन फोटोंची टेस्ट प्रिंट मागवतो, एक चेहऱ्याचा, एक पैठणीचा. जांभळी पैठणी निळी आली की लगेच कळतं.

महिन्यातून एकदा, सोमवारी सकाळी, मी परत मोजतो. बॅकलाइट जुनी होते तसा रंग सरकत जातो. वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात चहा होतो.

आणि हो, भिंत. पिस्ता घालवून मी मॉनिटरच्या मागची आणि बाजूची भिंत साधी राखाडी करून घेतली. आई अजून बोलते. शेजारच्या काकू पासपोर्ट फोटोला आल्या की दर वेळी विचारतात, "काय रे, सिमेंट तसंच ठेवलंस, रंग द्यायचा राहिला का?"